घरचं मापटं

प्रयोगशाळेत तिला सगळे मापटं म्हणत. तोंडावर ताई आणि पाठीमागे मापटं, असं सुरुवातीला होतं. पुढे पुढे तोंडावरही मापटंच झालं आणि तिने ते चालवून घेतलं. एक तर ती उंचीने बेताची, वरच्या फळीवरचं काही काढायचं तर स्टूल लागायचं. आणि दुसरं म्हणजे ती खरोखरच तिथलं माप होती. गेली अठरा वर्षं त्या प्रयोगशाळेत गालगुंडाची जी काही तपासणी झाली, ती ताईच्या रक्ताशी ताडून झाली.

हे कसं, ते एकदा नीट सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा मनस्ताप त्यातूनच उपटला.

गालगुंडाची लस बाळाला पहिल्या वाढदिवसानंतर एकदा देत. ती एकच पुरते, की शाळेत घालताना दुसरा डोस द्यायला हवा, हे ठरवायचं तर किती मुलांच्या अंगात या रोगाशी लढायची ताकद शिल्लक आहे ते मोजावं लागतं. म्हणून दर पाच वर्षांनी दवाखान्यांतून मुलांच्या रक्ताचे उरलेसुरले नमुने गोळा व्हायचे. ताप, कावीळ, ऑपरेशन, कशाकशासाठी काढलेलं रक्त, त्यातलं तळाशी राहिलेलं थेंबभर. नाव नाही, गाव नाही, फक्त वय. ताई ते थेंब शहाण्णव खळग्यांच्या प्लास्टिकच्या प्लेटमध्ये घालायची, त्यावर औषधं घालायची, धुवायची, परत घालायची, आणि शेवटी खळग्यांत पिवळा रंग चढायचा. ताकद जास्त तर पिवळा गडद, कमी तर फिका. पण गडद म्हणजे किती गडद? त्यासाठी प्रत्येक प्लेटच्या पहिल्या दोन खळग्यांत ओळखीचं रक्त घालतात, ज्याची ताकद पक्की ठाऊक असते. त्याच्या निम्म्याइतका तरी रंग चढला तर मूल सुरक्षित धरायचं, नाहीतर नाही.

हे ओळखीचं रक्त बाटलीत विकत मिळतं. अठरा वर्षांपूर्वी मध्येच ते मिळेनासं झालं. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी विचारलं, "इथे लहानपणी गालगुंड होऊन गेलेलं कोण आहे?" ताईने हात वर केला. तिची आई उठता बसता सांगायची, दोन्ही गाल असे फुगले होते की मान कुठे सुरू होते ते कळत नव्हतं. ताईचं रक्त घेतलं, उरलेल्या शेवटच्या बाटलीशी ताडून पाहिलं, बरोबर उतरलं. तो आकडा एका कार्डावर लिहिला आणि कार्ड फ्रीजरच्या दारावर चिकटवलं. तेव्हापासून दरवर्षी ताई बाही वर करायची, नवं रक्त छोट्या नळ्यांत भरून गोठवलं जायचं, आणि कोणीतरी हमखास विचारायचं, "काय, भरलं का मापटं?" बाटल्या पुन्हा मिळायला लागल्या तरी मागणीचा कागद दरवर्षी गेल्या वर्षीचा बघूनच लिहिला जायचा, त्यामुळे बाटली काही कोणी मागवली नाही. रक्त दरवर्षी नवं आणि कार्ड तेच.

इथेच माशी शिंकली होती. ती शिंक ऐकू यायला अठरा वर्षं लागली.

यंदाची मोजणी संपली. बाराशे नमुने, आणि उत्तर आलं शंभरात एक्क्याण्णव मुलं सुरक्षित. पाच वर्षांपूर्वी नव्वद होती. प्रयोगशाळेचे मुख्य डॉक्टर खूश झाले. आकडा वाढलेला, दुसऱ्या डोसची गरज नाही, अहवाल छापून तयार, गुरुवारी दुपारी लसीकरण समितीपुढे ठेवायचा की सुटलो. ताई मात्र खूश नव्हती. शाळांचे फोन तीच घ्यायची, आणि वर्षभरात फोन वाढले होते. आधी एका शाळेतल्या सहा मुलांचे गाल फुगले, मग दुसऱ्या शाळेतल्या अकरांचे, मग एका वसतिगृहातल्या मोठ्या मुलांचे. तिने तीनदा डॉक्टरांच्या कानावर घातलं. तीनही वेळा डॉक्टर म्हणाले, "तुरळक आहे, ताई."

"आकडाही चढतोय आणि गालही चढतायत," ताई म्हणाली. "दोन्ही एकदम कसं चढेल, डॉक्टर?"

"तुरळक," डॉक्टर म्हणाले.

मंगळवारी सामानाची खोकी आवरताना तिला एका खोक्यात विकतच्या रक्ताची बाटली सापडली. मागवली नव्हती, पाठवणाऱ्याने चुकून घातली असावी. ताईच्या हाती एक प्लेट शिल्लक होती आणि डोक्यात ते तुरळक घोळत होतं. तिने फ्रीजर उपसला. दरवर्षीच्या नळ्यांतली एखाददुसरी तळाशी पडून राहिलेली असायची. अठरा वर्षांच्या अठरा नळ्या मिळाल्या. पहिल्या खळग्यात बाटलीतलं रक्त, पुढे ओळीने ती स्वतः, सगळ्यात जुनी आधी.

दुपारी रंग चढला तेव्हा ती स्टुलावर बसून होती. बाटलीचा खळगा गडद पिवळा. तिचा पहिला खळगाही तसाच. दुसरा जरा कमी, तिसरा आणखी जरा, आणि असं करत करत अठरावा इतका फिका की खाली धरलेल्या कागदावरची अक्षरं त्यातून वाचता येत होती. ताईने प्लेट खिडकीकडे धरली, मग दिव्याखाली धरली. रंग काही वाढला नाही.

म्हणजे पट्टीच दरवर्षी बोटभर आखडत गेली होती. आखडलेल्या पट्टीने मोजलं की सगळीच मुलं उंच. माप उतरत गेलं म्हणून पास व्हायची रेषाही उतरत गेली, आणि फिकी फिकी मुलं सुरक्षित म्हणून मोजली गेली. रंग मोजणाऱ्या मशीनमध्ये बाराशे जणांचे आकडे होतेच. तिने बाटलीच्या हिशोबाने ते पुन्हा लावले. एक्क्याण्णव गेले आणि सदुसष्ट आले. बारा वर्षांच्या पुढची तर निम्मीच सुरक्षित. आणि यात सगळ्यात लाज आणणारी गोष्ट ही की फिकं पडलेलं माप दुसऱ्या कोणाचं नव्हतं. अठरा वर्षं जे मिरवलं, तेच नासलेलं निघालं. ताईला स्वतःच्या दंडाचाच राग आला.

बुधवारी सकाळी ती प्लेट, आकडे आणि बाटली घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेली. डॉक्टरांनी प्लेटकडे पाहिलं आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"उद्या समिती आहे, ताई."

"म्हणूनच आले."

"अहवाल छापून झालाय."

"चुकीचा छापलाय."

"असं एकदम म्हणू नका. या जुन्या नळ्या आहेत. इतक्या वर्षांत त्यातलं पाणी उडालं असेल, रक्त दाट झालं असेल. म्हणून जुन्या गडद दिसतात."

"आणि बाटली? ती तर नवी आहे."

"ती कुठल्या गोदामात तापली असेल कोणास ठाऊक."

"तापलं तर फिकं होईल, डॉक्टर. गडद कसं होईल?"

"ते मला शिकवू नका," डॉक्टर म्हणाले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा. मागच्या वेळी ज्या मापाने मोजलं, त्याच मापाने यंदा मोजलं. तुलना शाबूत आहे. समितीला तुलनाच हवी असते."

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "शाबूत कुठली? पाच वर्षांपूर्वी पट्टी अर्धी आखडली होती, आता पुरती आखडली. दोन चुकांची तुलना करून काय मिळणार?"

डॉक्टरांनी कपाटातून जुनी फाइल काढली, पानं उलटली आणि बोट ठेवलं. "हे वाचा. 'नियंत्रण रक्त (माप) देणारी व्यक्ती: प्रयोगशाळा कर्मचारी. बालपणी गालगुंड, दोन्ही बाजूंनी, तीव्र. माहितीचा स्रोत: आई.' तीव्र गालगुंड झालेल्या माणसाची ताकद इतकी उतरत नाही. तुम्हालाही माहीत आहे. म्हणजे एक तर तुमची प्लेट चुकली, नाहीतर तुमची आई. आता सांगा, कोण?"

माणूस दुष्ट नव्हता, हेच तर दुःख. दुष्ट असता तर भांडायला सोपं गेलं असतं. पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या डोसची गरज नाही म्हणणाऱ्या अहवालावर त्याची सही होती, आणि सही केलेला माणूस आपल्या सहीकडे ज्या डोळ्यांनी बघतो, त्याच डोळ्यांनी तो त्या प्लेटकडे बघत होता. ताईने प्लेट उचलली. दार तिने जरा जोरातच लावलं.

घरी आई खाटेवर पाय पसरून बसली होती आणि धाकटी तिची नखं कापत होती. धाकटी म्हणजे ताईची बहीण, दोन वर्षांनी लहान आणि वीतभर उंच. तिचं कपडे बेतायचं, शिवायचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे होतं. दर बुधवारी ती आईकडे यायची आणि दर बुधवारी आईची बोलणी खायची. धाकटी ऐकत नाही, ही घरातली जुनी तक्रार. हाक मारली तर ओ देत नाही, सांगितलेलं अर्धंच करते, रस्त्याने सरळ चालत नाही, सारखी ही बाजू सोडून त्या बाजूला जाते. लहानपणी बाबा म्हणायचे, हिच्या कानांत बोळे घातलेत. आई अजून म्हणायची.

ताईने चप्पलसुद्धा काढली नाही. "आई, मला गालगुंड झालं होतं का?"

"हा काय प्रश्न? अशी फुगली होतीस! कोणाला ओळखू येत नव्हतीस. माझा निळा स्कार्फ बांधला होता हनुवटीखालून."

"कधी?"

"पहिलीत होतीस. नुकती शाळा लागली होती. चांगले दहा दिवस घरात कोंडून ठेवलं, दुसऱ्या पोरांना लागायला नको म्हणून. तापाने नुसती फणफणली होतीस."

"नक्की मीच?"

"आता मला माझी पोरं ओळखू येत नाहीत का?" आई भडकली.

ताई मटकन खुर्चीत बसली. आईही बरोबर आणि माझी प्लेटही बरोबर, मग चुकलं कोण? तिने वैतागून मान मागे टाकली आणि समोर भिंतीवर, खाटेच्या बरोबर वर, तिचं प्रमाणपत्र दिसलं. ते पंचेचाळीस वर्षं तिथेच होतं. घर बदललं तरी आईने आधी ते टांगलं होतं. शाळेचा शिक्का, निळी शाई, आणि मजकूर: इयत्ता पहिली, संपूर्ण वर्षात एकही दिवस गैरहजर न राहिल्याबद्दल.

"आई," ताई सावकाश म्हणाली, "पहिलीत माझा एकही खाडा नाही."

"नाहीच मुळी. बाईंनी सगळ्यांसमोर बक्षीस दिलं होतं."

"मग दहा दिवस घरात कोण होतं?"

आई मान वळवून डोक्यावरच्या प्रमाणपत्राकडे बघायला लागली. ताईने धाकटीला विचारलं, "तुला काही आठवतं का गं?" धाकटी नखं कापत राहिली. "बघ," आई सवयीने म्हणाली, "ऐकून न ऐकल्यासारखं करायचं."

धाकटीची डावी बाजू ताईकडे होती. ताईच्या डोक्यात काहीतरी खटकलं. अठरा वर्षं ती शाळांना माहितीपत्रकं पाठवत होती, आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असायची की गालगुंडाने क्वचित एक कान कायमचा जातो. ती उठली, धाकटीच्या मागे गेली, डाव्या कानाला तोंड लावून हळूच म्हणाली, "तुझं दुकान जळालं."

धाकटीने मान झटकली. "काय गं, मानेवर का फुंकतेस?"

ताईने खाटेला वळसा घातला आणि तेच उजव्या कानात म्हणाली.

"जळो तुझी जीभ!" धाकटी म्हणाली.

मग ताईने तिच्या हातातून नेलकटर काढून घेतलं आणि सरळ विचारलं. डाव्या कानाने ऐकू येतं का? धाकटी आधी हसली, मग गोंधळली, मग तिने एकदा आईकडे आणि एकदा ताईकडे पाहिलं.

"तो उशीचा कान आहे," ती म्हणाली.

"उशीचा म्हणजे?"

"मला वाटायचं सगळ्यांचं तसंच असतं. एक कान ऐकायचा आणि एक उशीवर ठेवून झोपायचा. चांगली दहा बारा वर्षांची होईपर्यंत मला तसंच वाटत होतं. नंतर कळलं की लोकांचे दोन्ही चालतात."

"मग सांगायचं नाही का?" आईचा आवाज चिरकला.

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, नाटकं करते." धाकटीने हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. नेलकटर परत घेतलं आणि आईचा दुसरा पाय मांडीवर ओढला. "आणि तोवर तुम्ही सगळ्यांनी ठरवलंच होतं ना, मी ऐकत नाही म्हणून. मग मी पण नाही ऐकलं."

आईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. चार वर्षांची पोर दहा दिवस तापाने फणफणली होती, आणि ती पोर कोणती हेच तिच्या आठवणीतून निसटलं होतं. थोरलीचं कौतुक करायची इतकी सवय की आजारपणसुद्धा थोरलीच्या नावावर जमा झालं. ताईला रडू आलं, पण त्याहून जास्त संताप आला, आणि तो कोणावर काढायचा ते कळेना. आईवर? ती ऐंशीची. डॉक्टरांवर? ते घरी नव्हते. आपल्यावरच, झालं.

"उद्या सकाळी आठला प्रयोगशाळेत ये," ती धाकटीला म्हणाली. "मला तुझं रक्त पाहिजे."

"माझं कशाला? माप तू आहेस ना?"

"होते," ताई म्हणाली.

गुरुवारी आठच्या ठोक्याला धाकटी हजर होती. कुरकुरत आली, पण आली. ताईने रक्त घेतलं, फिरवलं, वरचं पिवळसर पाणी काढलं आणि प्लेट लावली. बाटली, धाकटी आणि ती स्वतः, तिघींचे खळगे शेजारी शेजारी. अकरा वाजता रंग चढला. बाटली गडद, धाकटी तिच्याहून किंचित गडदच, आणि पलीकडे ताई, फिक्कट. बहुधा बहिणीचं गालगुंड तिलाही लागलं असावं, पण वरवर, गाल न फुगता, शाळा न बुडता. तेवढ्यावर रक्ताने तिशी ओलांडेपर्यंत तग धरला आणि मग हात टेकले.

डॉक्टर बराच वेळ प्लेटवर वाकून उभे होते. प्रमाणपत्राची गोष्ट त्यांनी ऐकली, कानाची ऐकली. मग सरळ झाले.

"ठीक आहे," ते म्हणाले. "तळटीप टाकू."

"तळटीप?"

"खाली बारीक अक्षरांत. 'नियंत्रण रक्ताची क्षमता कालांतराने कमी झाली असण्याची शक्यता आहे.' आकडा आत्ता बदलता येत नाही, ताई. मागच्या अहवालाचं काय सांगू? माझी सही आहे त्यावर."

"तुमची सही आहे," ताई म्हणाली, "माझं तर रक्त आहे."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं आणि फाइल उचलली.

समितीची खोली मोठी होती. मधोमध लांब टेबल, त्याभोवती सदस्य, आणि भिंतीला लावलेल्या खुर्च्यांवर फाइली सांभाळणारे लोक. भिंतीकडच्यांनी बोलायचं नसतं, मागितलेला कागद द्यायचा असतो. ताई भिंतीला बसली. डॉक्टर उभे राहिले, पडद्यावर आलेख आला, नव्वदवरून एक्क्याण्णववर चढलेली रेघ आली. खाली तळटीप होती. ताईने चष्मा लावला तरी तिला ती वाचता येईना, आणि लिहिली तिच्यासमोर होती.

"म्हणजे परिस्थिती समाधानकारक," अध्यक्षबाई म्हणाल्या. "दुसऱ्या डोसचा विषय बंद करायचा?"

"सदुसष्ट," ताई म्हणाली.

टेबलाभोवतीच्या सगळ्या माना वळल्या. आपण उभ्या आहोत हे ताईला तेव्हा कळलं.

"आपण कोण?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मी ते माप आहे, बाई. प्रत्येक प्लेटच्या पहिल्या दोन खळग्यांत मी आहे. आणि मी फिकी पडलेय."

कोणीतरी हसलं. ताईने मग सगळं सांगितलं, भरभर, श्वास न घेता, मध्येच कोणी बसवेल या भीतीने. कार्ड, नळ्या, बाटली, प्रमाणपत्र, बहीण. अध्यक्षबाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

डॉक्टर पडद्याकडे तोंड करून उभे होते. चष्मा काढून त्यांनी खिशात ठेवला. "खरं आहे," ते म्हणाले. "मागचाही चुकला असणार." ताईला त्यांचं थोडं वाईट वाटलं, आणि वाटलं म्हणून राग आला.

टेबलाच्या टोकाचे एक टक्कल पडलेले सदस्य खुर्चीत रेलले. "पण मी म्हणतो, सदुसष्ट तर सदुसष्ट. गालगुंडाने होतं काय? गाल फुगतात, उतरतात. आम्हा सगळ्यांना होऊन गेलं."

"कान जातो," ताई म्हणाली.

"किती जणांचा? आकडा आहे?"

"नाही. एक कान चालू असला की पोर चाललंय असंच सगळ्यांना वाटतं, मोजायला कोण जातंय? माझ्या बहिणीचा गेला. आम्ही एका घरातली माणसं, पण पंचेचाळीस वर्षं आम्हाला कळलं नाही."

"बाई, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटतं. पण एका माणसावरून धोरण ठरत नाही."

"अठरा वर्षं एकाच माणसावरून ठरत होतं, साहेब," ताई म्हणाली. "माझ्यावरून. तेव्हा कोणी काही म्हणालं नाही."

रेललेले सदस्य खुर्चीत सरळ बसले. ताईला वाटलं, जिंकले. अध्यक्षबाईंनी पेन उचललं, शेजारच्याशी दोन शब्द बोलल्या आणि निर्णय सांगितला. अहवाल मागे घ्यायचा. यंदाचे आणि मागचे, दोन्ही वेळचे नमुने विकतच्या बाटलीशी ताडून पुन्हा तपासायचे. बाहेरच्या तज्ज्ञांकडून पडताळणी करून घ्यायची. दुसऱ्या डोसचा विचार पुढच्या बैठकीत.

"पुढची बैठक कधी?" ताईने विचारलं.

"सहा महिन्यांनी."

"शाळा दोन महिन्यांत सुरू होतायत."

"पद्धत असते ना," अध्यक्षबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "आकडा इतका बदलल्यावर घाई करून कसं चालेल? आपणच सांगितलंत की माप चुकलं होतं." आणि त्यांनी पुढचा विषय पुकारला.

म्हणजे खरं सांगितलं, त्याचंच हे फळ. गप्प बसली असती तर डोस मिळाला नसता, आणि बोलली तरी यंदा मिळणार नाही. सहा वर्षांची आणखी एक तुकडी एकाच डोसवर वर्गात जाऊन बसणार, त्यातल्या कोणाचे गाल फुगणार, कोणाचा उशीचा कान होणार, आणि घरचे म्हणणार, ऐकत नाही कार्टी. ताईने फाइल छातीशी धरली आणि जिना उतरली. तिला ओरडायचं होतं, पण जिन्यात सगळे नमस्कार करत होते.

संध्याकाळी ती दुकानापाशी गेली. धाकटी कुलूप लावत होती, दंडावर सकाळचा कापसाचा बोळा अजून चिकटलेला. "काढ की तो," ताई म्हणाली. दोघी आईकडे जायला निघाल्या. रस्ता अरुंद होता, सायकली जात होत्या, दुकानदार फळ्या लावत होते. चालता चालता ताई सांगायला लागली, समिती, टकल्या सदस्य, सहा महिने, डॉक्टरांचा चष्मा, सगळं एका दमात. धाकटी मध्येच थांबायची, मागून जाऊन दुसऱ्या बाजूला यायची. बोलायच्या भरात ताई सायकल चुकवायला परत तिच्या डाव्या हाताला व्हायची आणि धाकटी पुन्हा वळसा घालायची.

"सरळ चाल ना जरा!" ताई खेकसली.

शब्द तोंडातून सुटला आणि ताई रस्त्यातच थांबली. पंचेचाळीस वर्षं ती हेच म्हणत आली होती, शाळेच्या वाटेवर, बाजारात, बाबांना नेलं त्या दिवशीसुद्धा. धाकटी दोन पावलं पुढे जाऊन थांबली.

"काय म्हणालीस?" तिने मागे वळून विचारलं. "शेवटचं ऐकू आलं नाही."

"काही नाही," ताई म्हणाली. मग तिच्या मागून वळसा घालून ती तिच्या उजव्या बाजूला गेली, तिचा हात धरला, आणि पहिल्यापासून सांगायला लागली.